प्रांजलच्या नावे घातलेले गाऱ्हाणे मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. मानद सचिव (श्री. दादू घाडी),
श्री रवळनाथ छाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
दहिसर (पूर्व), मुंबई.

अर्जदार : श्रीमती शुभा निलेश धुरी, सदनिका क्र. ३०४.

विषय : ठराव क्र. ५ रद्द होणेबाबत, तसेच त्या ठरावाच्या यशाप्रीत्यर्थ १ मे रोजी योजिलेला कु. प्रांजल निलेश धुरी (वय ९ वर्षे) हिचा सत्कार थांबविणेबाबत.

संदर्भ : १) दि. २६ जानेवारी २०२५ रोजीच्या विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त.
२) लिफ्टशेजारील सूचनाफलकावर दि. १८ एप्रिल रोजी लावलेली सूचना.

महोदय,

अर्जदार ही आपल्या संस्थेत पती, सासरे आणि मुलगी यांच्यासह राहते. आपण तिला चांगले ओळखता. तिच्या लग्नात अक्षता वाटायचे काम आपणच अंगावर घेतले होते. तरीही ही ओळख लिहावी लागत आहे, कारण मागच्या आठवड्यात ती आपल्या घरी येऊन तोंडी सांगू लागली तेव्हा आपण तिला चहा पाजलात आणि म्हणालात, "असं तोंडी नको गं बाय. कमिटीचं काम आहे, लेखी दे, मग बघू." म्हणून लेखी. अर्जात 'मी' न लिहिता सर्वत्र 'अर्जदार' लिहिले आहे. 'मी' लिहून सुरू केलेले आधीचे कागद रडू आल्यामुळे फाडावे लागले, आणि ओल्या कागदावर संस्था पोच देत नाही.

१. दि. २६ जानेवारी रोजी प्रथेप्रमाणे झेंडावंदन, सत्यनारायणाची पूजा आणि विशेष सर्वसाधारण सभा एकाच मांडवात झाली. माणसे आयती जमलेली असतात, खुर्च्या मांडलेल्या असतात, माईक भाड्याने आणलेला असतो, म्हणून आपल्याकडे पूजा आणि सभा नेहमी जोडून घेतात. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. आरती झाल्यावर गावच्या रिवाजाप्रमाणे देवाला गाऱ्हाणे घालायचा मान घाडी घराण्याचा, म्हणजे आपला. आपण नारळ हातात घेऊन माईकसमोर उभे राहिलात. इमारतीला पाणी पुरू दे, पोरांना नोकऱ्या लागू दे, म्हाताऱ्यांचे गुडघे शाबूत राहू देत, असे सगळे मागून झाल्यावर आपण म्हणालात :

"बा देवा म्हाराजा रवळनाथा, ह्या निल्याचा चेडू प्रांजल. तेचे पाय एका जाग्यार ठरनत नाय, मन एका जाग्यार ठरना नाय. आवशी-बापाशीचो जीव मेटाकुटीक इलो हा. तेका बुद्धी दी, तेचे पाय थंड कर रे म्हाराजा!"

आणि प्रत्येक वाक्यामागे सगळा मांडव म्हणाला, "होय म्हाराजा!"

हे बोलताना आपल्या डोळ्यांत पाणी होते. अर्जदाराने ते प्रसादाचा शिरा घेऊन येताना स्वतः पाहिले. आपण वाईट हेतूने काही केले असे या अर्जात कोठेही म्हटलेले नाही. वाईट हेतूने केले असते तर अर्जदार भांडून मोकळी झाली असती. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर भांडता येत नाही, अर्जच करावा लागतो.

येथे एक बाब नोंदविणे भाग आहे. त्या "होय म्हाराजा"मध्ये सर्वांत मोठा आवाज प्रांजलचा होता. तिला ते ओरडायला फार आवडते. ती पहिल्या रांगेत, हात जोडून, टाचा उचलून ओरडत होती. दुसऱ्यांदा ओरडताना मध्येच तिला कळले की हे आपल्याबद्दल आहे, आणि तिचे तोंड उघडे ते उघडेच राहिले.

२. इथपर्यंत होते तरी निभावले असते. गाऱ्हाणे देवाच्या कानी गेले, देव बघून घेईल, असे अर्जदाराने मनाला समजावले होते. परंतु आपले सहसचिव चि. सिद्धेश यांनी इतिवृत्त लिहायला घेतले. सिद्धेशचा जन्म दहिसरचा. गावी त्याने गाऱ्हाणे कधी ऐकलेले नाही, आणि त्या वेळी तो गेटवर पार्किंगची कागदपत्रे गोळा करत होता. नंतर त्याने मोबाइलवरचे रेकॉर्डिंग ऐकले. कोणीतरी माईकवर एक विषय मांडतो आणि सगळी सभा एकसुरात 'होय' म्हणते, हे ऐकून त्याने जे करायचे ते केले. पाण्याची टाकी, पार्किंग, रंगकाम आणि वॉचमनची छत्री यांच्या खाली त्याने लिहिले :

"ठराव क्र. ५ : कु. प्रांजल निलेश धुरी (३०४) हिचे पाय व मन एका जागी ठरावे. सूचक : श्री. दादू घाडी. अनुमोदक : उपस्थित सर्व. सर्वानुमते मंजूर. कार्यवाही : श्री देव रवळनाथ. मुदत : पुढील सभेपर्यंत."

हे इतिवृत्त आपण सहीनिशी कायम केले आणि ते लिफ्टशेजारच्या फलकावर लागले. अर्जदाराने विचारले तेव्हा आपण म्हणालात की चष्मा घरी राहिला होता. सिद्धेश म्हणाला, "काकी, फॉरमॅटमध्ये कार्यवाहीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही." वाचणाऱ्यांनी पोट धरून हसून घेतले. अर्जदारही पहिल्यांदा हसली. मग तिने मागे वळून पाहिले तर प्रांजल फलकासमोर उभी राहून तो ठराव वाचत होती. धड्याचे अर्धे पान वाचताना जिला खिडकीतला कावळा, बाहेरचा कुकर आणि स्वतःच्या बुटाची नाडी बोलावते, तिने तो ठराव शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

३. प्रांजलने घरी येऊन आजोबांना विचारले की ठराव म्हणजे काय. अर्जदाराचे सासरे श्री. लवू धुरी हे जुने गिरणी कामगार. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितले, "ठराव झालो म्हंजे झालो. आमचो गिरणीच्या संपाचो ठराव झालो होतो, तो अजून कोणी मागे घेवक नाय." झाले. त्या दिवसापासून मुलीची खात्री पटली की अख्ख्या इमारतीने मिळून तिच्याविरुद्ध एक गोष्ट ठरवली आहे, ती कधीही मागे घेतली जाणार नाही, आणि तिला १ मेपर्यंत मुदत आहे. कारण पुढील सभा १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाला आहे. कार्यवाही जरी रवळनाथाच्या नावावर लिहिलेली असली, तरी ती कोणाला करावी लागणार हे तिला बरोबर समजले.

४. प्रांजलला काय आहे हे संस्थेच्या माहितीसाठी लिहिते. हे पूर्वीच सांगायला हवे होते असे कोणी म्हणेल. सांगितले होते, 'रवळनाथ परिवार' या आपल्या ग्रुपवर. त्यावर अंगठे आले, दोन जोडलेले हात आले आणि खाली लगेच कोणीतरी गॅसच्या पाइपचा विषय काढला. बोरिवलीच्या डॉ. श्रुतिका यांनी तिला तपासले आहे. याला एडीएचडी म्हणतात. हा हट्ट नाही, लाड नाहीत, आईचे वळण नाही आणि करणी तर नाहीच नाही. डॉक्टरांचे शब्द असे : "तिला कळत नाही असं नाही. सगळं कळतं. पण त्या क्षणी स्वतःला थांबवणं तिला तुमच्या-माझ्यापेक्षा खूप जड जातं." एका वेळी एकच काम सांगायचे, तेही समोर जाऊन. झाले की लगेच शाबासकी द्यायची, संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची नाही. मोठा अभ्यास तुकडे करून द्यायचा, आणि मधे हलू द्यायचे. शिवाय सकाळी एक गोळी. शाळेत लताबाईंनी तिला शेवटच्या बाकाशी उभे राहून लिहायची मुभा दिली आणि खडू आणायचे काम दिले. घरी ती ओट्याशी उभी राहून भागाकार करत असे. जानेवारीपर्यंत गाडी हळूहळू रुळावर येत होती. तुटक तुटक का होईना, येत होती.

५. आता तक्रारींबद्दल. प्रांजल लिफ्टची सगळी बटणे दाबते, ही तक्रार खरी आहे. पार्किंगच्या वरच्या पोडियमवर सायकल आडवी टाकून विसरते, हेही खरे. सर्वांत मोठी तक्रार बेलची होती. चौथ्या मजल्यावरच्या चंपाताई परब यांनी लेखी दिले आहे की मुलगी दुपारच्या झोपेच्या वेळी बेल वाजवते आणि दार उघडले की खुळ्यासारखी बघत उभी राहते.

महोदय, आपण सगळे एकाच चाळीतून या टॉवरमध्ये आलो. ही मुलगी चाळीतही अशीच होती. ती गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर पळायची. चंपाताईंच्या दारावरून जाताना "काकू, तुमचं दूध उतू चाललंय", आपल्या दारावरून जाताना "काका, भारत जिंकला", असे पळता पळता सांगून जायची. सगळ्यांची दारे उघडी असायची. कोणी तिला चंचल म्हटले नाही. 'आमची तार आली' म्हणायचे. इथे आल्यावर दारे बंद झाली. आता तिला काही सांगायचे असते म्हणून ती बेल वाजवते. आतून "कोण आहे?" होते, चप्पल शोधली जाते, जाळीचा दरवाजा, मग लाकडी दरवाजा. तेवढ्या वेळात सांगायचे ते तिच्या डोक्यातून निघून गेलेले असते. मग ती बघत उभी राहते. मुलगी तीच आहे, दारे बदलली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच.

६. २६ जानेवारीनंतर काय झाले ते आता क्रमाने लिहिते. ही बाब कृपया घाईने वाचू नये.

प्रांजल गप्प बसू लागली. सोफ्याची कड दोन्ही हातांनी धरून बसते. बोटे पांढरी पडतात. जेवताना पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून ठेवते. गोळी घेत नाही. म्हणते, "सगळ्यांनी ठरवलंय ना, मग गोळी कशाला? गोळी घेतली तर चीटिंग होईल." खाली खेळायला जात नाही, लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहते. इमारतीत तिने त्या दिवसापासून एकाही घराची बेल वाजवलेली नाही.

मार्चमध्ये वर्गात तिने बुटांच्या नाड्या बाकाच्या पायाला बांधल्या. कोणी सांगितले नव्हते. पाय ठरत नाहीत तर बांधून ठेवू, असा तिचा सरळ हिशोब. मधल्या सुट्टीची घंटा झाली, ती विसरली आणि धावली. हनुवटी फुटली, टाके पडले. टाके घालताना ती हलली नाही. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, किती शहाणी मुलगी. अर्जदाराला त्या वेळी जे वाटले ते अर्जाच्या भाषेत बसत नाही, म्हणून लिहीत नाही.

लताबाईंचे म्हणणे आहे की ती आता वर्गात पुतळ्यासारखी बसते, पण शिकवलेले काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. डॉ. श्रुतिका यांनी स्पष्ट सांगितले, "गप्प बसलीय म्हणजे बरी झालीय असं समजू नका. तिचा सगळा जीव बसण्यातच खर्च होतोय." त्यांचे पत्र सोबत जोडले आहे.

७. इमारतीत मात्र आनंदीआनंद आहे. ग्रुपवर "देव पावलो", "झकास सुधारली हां पोरगी" असे येत राहिले आहे. चंपाताईंनी अर्जदाराला जिन्यात धरून सांगितले, "किती गुणाची झाली गं! माझ्या नातवाला पण एक घालायला सांग ना गाऱ्हाणं, मेला भाजी खात नाही." हे एकट्या चंपाताईंचे नाही. १ मेसाठी सिद्धेशकडे अशी आणखी नावे आली असल्याचे समजते : कोणाचा मुलगा मोबाइल सोडत नाही, कोणाची सून स्वयंपाकात मीठ विसरते. सिद्धेश त्यांना ठराव क्रमांक देऊन बसला आहे. देवाला इतकी कार्यवाही झेपेल की नाही, हे कमिटीने पाहावे.

आणि १८ एप्रिलला फलकावर सूचना लागली : "ठराव क्र. ५ ची मुदतीपूर्वी यशस्वी पूर्तता झाल्याबद्दल कु. प्रांजल हिचा शाल, श्रीफळ व कंपासपेटी देऊन सत्कार."

मुलीने तीही वाचली. त्या दिवशी जेवताना तिने अर्जदाराला विचारले, "आई, एक तारखेनंतर थोडंसं हललं तर चालेल?" अर्जदार हो म्हणणार इतक्यात तिने पुढे विचारले, "मग शाल परत द्यायला लागेल?"

म्हणून हा अर्ज. शाल एकदा तिच्या खांद्यावर पडली की ही मुलगी ती जन्मभर उतरवणार नाही, असे अर्जदाराला वाटते. ती सर्वांना आवडेल. तिला मोठ्या माणसांच्या शाबासक्या मिळतील. आणि ती आतल्या आत बाकाला बांधलेलीच राहील. अर्जदाराला भीती वाटते आहे, महोदय. हे वाक्य कोणत्या नियमाखाली लिहितात ते माहीत नाही, तरी लिहिले आहे.

८. काही सभासद म्हणतील की मुलीत काही विशेष गुण असेल तर सांगा, म्हणजे समजून घेता येईल. टीव्हीवर अशी मुले मोठी चित्रकार निघतात, कोणाला आगीतून वाचवतात. प्रांजलने कोणाचा जीव वाचवलेला नाही. चित्रे ती साधारण काढते आणि अर्धी सोडते. तिच्यासाठी काही मागायचे तर तिने आधी काही कमवावे लागेल, अशी अट असल्यास हा अर्ज येथेच बाद समजावा.

९. कायदेशीर मुद्दे. विषयपत्रिकेत नसलेला विषय सभेत मंजूर करता येत नाही. ज्या व्यक्तीविषयी ठराव आहे ती अल्पवयीन असून तिचे म्हणणे ऐकून घेतलेले नाही. कार्यवाही ज्यांच्याकडे सोपविली ते श्री देव रवळनाथ संस्थेचे भागधारक नाहीत. सबब ठराव क्र. ५ मुळातच अवैध ठरतो. परंतु नुसता कागदावर रद्द करून उपयोग नाही, कारण तिने तो कागदावर वाचण्याआधी आपल्या तोंडून ऐकला होता. त्यामुळे विनंती अशी की १ मे रोजी सत्कार न करता, त्याच मांडवात, त्याच माईकवर, आपणच हातात नारळ घेऊन ते गाऱ्हाणे मागे घ्यावे. देवाला घातलेले गाऱ्हाणे मागे कसे घेतात हे अर्जदाराला ठाऊक नाही. तिचे माहेर घाटकोपरचे आणि माहेरचे मूळ गाव साताऱ्याकडचे. घाडी घराण्याला ठाऊक असेल. नसेल तर देवाला विचारावे. सासरे म्हणतात तसे संपाचा ठराव कोणी मागे घेतला नसेल, पण तो करणारी माणसे नंतर पांगली, मागे घ्यायला पुन्हा एकत्र आलीच नाहीत. आपण सगळे एका जिन्यावर आहोत.

त्याऐवजी दुसरे घालायचे झाल्यास अर्जदाराने एक मसुदा केला आहे. मालवणी कच्ची आहे, दुरुस्त करून घ्यावी :

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरग्याचे पाय असत तसे ऱ्हवांदेत. आमका दार उघडून घडीभर थांबाक शिकव रे म्हाराजा."

याला मांडवाने काय म्हणायचे ते मांडवावर सोडले आहे. प्रांजलने मात्र ओरडलेच पाहिजे असे नाही. वाटले तर ओरडेल, वाटले तर मध्येच उठून कावळ्यामागे जाईल.

वरील बाबींचा १ मेपूर्वी विचार व्हावा.

आपली, अजूनपर्यंत नम्र,
(सही)
शुभा निलेश धुरी
दहिसर, दि. २४ एप्रिल २०२५

सोबत : १) इतिवृत्ताची प्रत, ठराव क्र. ५ खाली रेघ मारून. २) डॉ. श्रुतिका यांचे पत्र. ३) चंपाताईंची बेलबाबतची तक्रार, त्यांच्याच संमतीने परत घेतलेली.

ता. क. : हा अर्ज अर्जदार स्वतः आणून देणार होती. आता विचार बदलून प्रांजलच्या हाती पाठवीत आहे. पाकीट चिकटवले आहे. आपल्यासाठी एक निरोपही तिला तोंडी दिला आहे. लिफ्टने जा की जिन्याने, चालत की पळत, यातले काही सांगितलेले नाही. ती निघेल की उंबऱ्यावरूनच परत फिरेल, हे लिहिताना अर्जदाराला माहीत नाही. पण आपण हे वाचत आहात त्याअर्थी ती आली, तिने बेल वाजवली. अजून समोरच उभी असेल. निरोप तिच्या डोक्यातून गेला असेल आणि ती तो शोधत असेल. तो परत येतो, थोडा वेळ लागतो. तोवर, काका, दार लावू नका.